गटाने नाकारले म्हणून कॉलेज सोडावे का?

चतुर्थी आटोपली की आमच्या ओपीडीत दोन प्रकारचे रुग्ण वाढतात. मोदक-करंज्यांनी साखर वाढवून घेतलेले आणि पावसातला ताप घेऊन आलेले. गेल्या वर्षी त्या गर्दीत तिसऱ्याच तक्रारीची एक मुलगी आली. मालवणजवळच्या खाडीकाठच्या गावातली, वय अठरा, नुकतीच पुण्याला शिकायला गेलेली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) बोलत होती ती आईच. "डॉक्टरानू, पोरगी जेवणा नाय, झोपणा नाय. चतुर्थीक इली ती परत जावचा नाव घेणा नाय."

तपासले. वजन तीन किलो उतरलेले, हिमोग्लोबिन ९.१, थायरॉइड ठीक. लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि आईला केसपेपर घेऊन औषधाच्या खिडकीकडे पाठवले. आई बाहेर गेल्यावर मुलगी म्हणाली, "मॅडम, माका थंय परत जावचा नाय. हयच खंयच्याय कॉलेजात नाव घालतंय."

कारण विचारले तेव्हा ती आधी लाजली. कारण तिला स्वतःलाच क्षुल्लक वाटत होते. तिच्या कॉलेजात नाटकाचा मोठा ग्रुप आहे. पुण्यात १९६३ पासून चालू असलेल्या पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेची तयारी जुलैमध्ये कॉलेज उघडताच सुरू होते. तिचे मामा दशावतारी मंडळीत पायपेटी वाजवतात, लहानपणापासून रात्र-रात्र दहिकाले पाहिलेली ही मुलगी. नाटकाच्या ग्रुपमध्ये जायचे हे तिने बारावीतच ठरवले होते. निवडीच्या दिवशी तिने उतारा वाचला. वरच्या वर्गातल्या एकाने सांगितले, "तुझा टोन गावचा आहे." बॅकस्टेजला येऊ का विचारले तर "माणसे पुरेशी आहेत" असे उत्तर मिळाले. खोलीतल्या दोघी मैत्रिणींची निवड झाली. त्या तालमीहून रात्री उशिरा येत, त्यांचा वेगळा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, वेगळे विनोद, वेगळे जेवण. "कोण वायट वागाक नाय," ती म्हणाली. "फक्त कोणी बोलावल्यानी नाय."

त्याच पंधरवड्यात अमेरिकेतल्या माझ्या मावसबहिणीचा फोन आला. तिची मुलगी तिकडेच जन्मली आणि वाढली. तीही यंदाच कॉलेजात गेलेली. तिकडे अनेक विद्यापीठांत मुलींच्या 'सोरॉरिटी' असतात. ग्रीक अक्षरांची नावे असलेल्या या मंडळींची मुळे १८५१ पर्यंत मागे जातात. त्यांची स्वतःची घरे असतात, वर्गणी असते, समारंभ असतात आणि पुढे नोकरीसाठी उपयोगी पडणाऱ्या ओळखीही असतात. कित्येक ठिकाणी वर्ग भरण्याच्या आधीच निवडीचा आठवडा होतो. नव्या मुली एकेका घरी जाऊन गप्पा मारतात, मग घरे यादी करतात आणि दर फेरीला यादी लहान होत जाते. शेवटच्या दिवशी कुणाला आमंत्रण येते, कुणाला येत नाही. माझ्या भाचीला आले नाही. कारण कुणी सांगत नाही. तीही म्हणत होती, मला दुसऱ्या कॉलेजात जायचे आहे.

बारा-तेरा हजार किलोमीटर अंतरावरच्या या दोन मुलींची तक्रार एकच होती, आणि दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांची पहिली प्रतिक्रियाही एकच. "एवढ्याशा गोष्टीसाठी कोणी कॉलेज सोडते का?" ही गोष्ट एवढीशी नाही, असे माझे मत आहे. पण लगेच कॉलेज सोडणे हा त्यावरचा पहिला उपायही नाही. दोन्ही मतांची कारणे सांगते.

आधी, दुखते का? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ किपलिंग विल्यम्स यांनी यासाठी एक अगदी साधा प्रयोग रचला. संगणकाच्या पडद्यावर तीन जण चेंडू झेलतात. त्यातले एक तुम्ही. बाकीचे दोघे सुरुवातीला तुमच्याकडे चेंडू टाकतात आणि मग टाकणे बंद करतात, आपसांतच खेळत राहतात. बस्स, एवढेच. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ६२ देशांतल्या १,४८६ लोकांनी इंटरनेटवरून भाग घेतला. ज्यांना चेंडू मिळाला नाही त्यांचे मन खट्टू झाले, आपण या गटाचे आहोत ही भावना उतरली. अशा प्रयोगांत पुढे वारंवार दिसले की अवघ्या काही मिनिटांत स्वतःविषयीचा आदर, परिस्थितीवर आपला ताबा आहे ही भावना आणि आपल्या असण्याला काही अर्थ आहे ही भावनाही घसरते. समोर माणसे नाहीत, संगणक खेळतो आहे असे आधीच सांगितले तरी वाईट वाटते. ज्या गटाचा आपल्याला तिटकारा आहे त्याने वगळले तरी वाईट वाटते. म्हणून "असल्या पोरांचे काय एवढे मनावर घ्यायचे?" हा प्रश्न निरुपयोगी आहे. मनावर घ्यायचे की नाही हे ठरवण्याआधीच ते घेतलेले असते.

२००३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात याच चेंडूच्या खेळाचा आणखी एक अभ्यास आला. नाओमी आयझेनबर्गर आणि सहकाऱ्यांनी खेळणाऱ्यांच्या मेंदूचे चित्रण केले. वगळले गेल्यावर मेंदूच्या मधल्या भागातला सिंग्युलेट कॉर्टेक्स नावाचा पट्टा अधिक सक्रिय झाला. शारीरिक वेदनेचा त्रास होतो तेव्हाही हा भाग जागा होतो. 'नकार खरोखर दुखतो' अशा मथळ्यांनी ही बातमी जगभर गेली. अभ्यास फक्त १३ जणांवरचा होता, आणि हा पट्टा इतरही अनेक प्रसंगी सक्रिय होतो. २०१४ मधल्या एका सविस्तर अभ्यासात दिसले की भाजल्याची वेदना आणि नकाराची वेदना यांचे मेंदूतले नकाशे एकमेकांजवळ असले तरी वेगळे आहेत. मग २०१० मध्ये पॅरासिटामॉल घेतल्याने दुखावलेपण थोडे कमी जाणवते असाही एक अभ्यास आला होता. त्यावर विसंबून कोणी मुलांना तापाच्या गोळ्या देऊ नयेत. यकृताला त्याची किंमत मोजावी लागते. या सगळ्यातून घ्यायचे ते इतकेच की नकाराचा त्रास ही नाटके नव्हेत, शरीराच्या धोक्याच्या घंटेशी त्याचे नाते आहे.

ही घंटा का आहे हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगावे लागू नये. आपल्याकडे 'वाळीत टाकणे' हा शब्द आहे. वाळीत टाकलेल्याला कोणी मारत नाही. त्याच्या घरी कोणी जात नाही, त्याला लग्नकार्याला बोलावत नाहीत, मयताला खांदा देत नाहीत. हजारो वर्षे माणूस टोळीत जगला. टोळीबाहेर पडलेला एकटा माणूस फार दिवस जगत नसे. त्यामुळे 'मला बाहेर काढत आहेत' ही शंका आली तरी शरीर झोप उडवते, भूक घालवते आणि सावध राहते. ही शिक्षा किती जबर आहे हे ओळखूनच महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. असा कायदा करणारे हे देशातले पहिले राज्य. जुलै २०१७ पासून तो लागू आहे, आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. मोठ्यांच्या वाळीला आपण तुरुंगाची शिक्षा ठेवली आणि अठरा वर्षांच्या मुलीला मात्र म्हणतो, लक्ष देऊ नकोस.

अर्थात नाटकाच्या ग्रुपने न घेणे म्हणजे वाळीत टाकणे नव्हे. हा फरक नीट पाहणे हीच या विषयातली खरी गोम आहे. मुलगा किंवा मुलगी "मला ते कॉलेज नको" म्हणते तेव्हा त्यामागे तीन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात, आणि तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. मी हे एक चूक करून शिकले.

बारा-तेरा वर्षांपूर्वी एका मच्छीमार वाडीतला मुलगा माझ्याकडे आला होता. मुंबईत हॉस्टेलवर होता. पोटात दुखते म्हणत होता. सोनोग्राफी केली, काही सापडले नाही. जाता जाता तो म्हणाला, "तिथे माझ्या ताटाजवळ कोणी बसत नाही." जात, मासळीचा वास, बोलणे, सगळ्यावरून टोमणे होते. मी घाईत होते. "सुरुवातीला असेच असते, मन घट्ट कर," असे सांगून आम्लपित्ताच्या गोळ्या दिल्या. त्या वेळी मला माझीच आठवण झाली होती. मीही इथूनच वैद्यकीय शिक्षणासाठी शहरात गेले होते, पहिल्या वर्षी माझ्या हेलाची नक्कल व्हायची, मी दोनदा बॅग भरली होती आणि तरीही टिकले होते. मी टिकले म्हणजे तोही टिकेल, असे मी धरून चालले. मेसमध्ये माझ्या शेजारी रोज एक मुलगी बसत असे, त्याच्या शेजारी कोणीच नव्हते, हा फरक माझ्या लक्षात आला नाही. सहा महिन्यांनी त्याला घरी आणले तेव्हा तो गंभीर नैराश्यात होता. बरा व्हायला वर्ष गेले. पुढे त्याने जवळच्या कॉलेजातून पदवी घेतली, आज नोकरीत आहे. पण त्याच्या वडिलांचे वाक्य मी विसरलेले नाही. "बाई, तेव्हाच तुम्ही 'हय रव' म्हटलात असतात तर."

म्हणून आता मी आधी तीन प्रश्न विचारते.

पहिला प्रश्न: तुला निवडले नाही, की तुला छळले जाते आहे? निवड न होणे दुःखद आहे, पण तो गुन्हा नाही. जात, धर्म, भाषा, गाव, रंग, गरिबी यांवरून ठरवून वेगळे पाडणे ही वेगळी गोष्ट आहे. आपल्याकडे रॅगिंग म्हणजे कपडे काढायला लावणे, मारहाण एवढेच समजले जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी नियमांत २०१६ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार जात, धर्म, रंग, दिसणे, प्रादेशिक मूळ, भाषिक ओळख, जन्मस्थान, आर्थिक स्थिती अशा कारणांवरून एखाद्याला त्रास देणे, त्यात दमदाटी आणि वगळणेही आले, हे रॅगिंगच आहे. महाराष्ट्राचा स्वतःचा रॅगिंगबंदी कायदा तर १९९९ पासून आहे. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोषी ठरल्यास पाच वर्षे कुठल्याही संस्थेत प्रवेश नाही, अशी तरतूद त्यात आहे. मे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी या आदिवासी समाजातल्या पदव्युत्तर विद्यार्थिनीने जीव दिला. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप कुटुंबाने केला आणि प्रकरण न्यायालयात गेले. माझ्या पेशातली ती मुलगी होती. त्या बातमीनंतर 'मन घट्ट कर' हे शब्द मी वापरणे सोडले आहे.

छळ असेल तर तक्रार करावी, आणि जीव गुदमरत असेल तर बाहेरही पडावे. त्यात पळपुटेपणा नाही. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ मध्ये बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. तिथे त्यांना राहायला कोणी जागा देईना, पारशी धर्मशाळेतूनही त्यांना बाहेर काढले गेले. ते बडोदे सोडून मुंबईला आले आणि १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. ती जागा सोडली म्हणून ते हरले असे कोण म्हणेल? दोष जागेचा होता.

दुसरा प्रश्न: हे फक्त दुःख आहे, की आजार झाला आहे? सतत दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटणे, कशातच रस न वाटणे, झोप आणि भूक बिघडणे, अभ्यासात लक्ष न लागणे, आपण निरुपयोगी आहोत असे वाटणे, मरणाचे विचार येणे ही नैराश्याची लक्षणे आहेत. यांतली शेवटची दोन लक्षणे असतील तर दोन आठवडे थांबूही नये. २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालात आहे, आणि त्यात महाराष्ट्र सर्वांत वर आहे. नैराश्य असेल तर आधी उपचार करावे आणि कॉलेजचा निर्णय नंतर घ्यावा. कारण नैराश्यातला माणूस कुठल्याही कॉलेजात गेला तरी ते बरोबर घेऊनच जातो. '१४४१६' हा टेलि-मानसचा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास, मोफत आणि मराठीतही चालतो. तो भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहून ठेवावा.

तिसरा प्रश्न: किती दिवस झाले? कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी शहर बदललेल्या प्रौढांचा आणि कॉलेजात नव्याने आलेल्यांचा अभ्यास केला. त्यांच्या अंदाजाने नुसत्या ओळखीची सलगी व्हायला सुमारे ५० तास एकत्र घालवावे लागतात, मैत्री म्हणावी असे नाते व्हायला ९० आणि जिवाभावाच्या मैत्रीला २०० हून अधिक. वर्गात शेजारी बसल्याने हे तास भरत नाहीत, एकत्र जेवणे, फिरणे, काम करणे यांतून ते भरतात. जुलैत गेलेली मुलगी चतुर्थीला परत येते तेव्हा जेमतेम सहा-सात आठवडे झालेले असतात. बाकीच्यांची घट्ट टोळी झाली आहे असे तिला दिसते. खरे म्हणजे त्यांचीही अजून झालेली नसते.

इथे मला सगळ्यांत मोलाचे वाटते ते ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांचे काम. त्यांनी नव्या विद्यार्थ्यांना वरच्या वर्गातल्या मुलांचे अनुभव वाचायला दिले. सुरुवातीला आपण इथले नाही असे जवळपास सगळ्यांनाच वाटते आणि हळूहळू ते ओसरते, एवढाच त्यांचा सारांश होता. मग विद्यार्थ्यांनी स्वतःच्या शब्दांत तेच लिहायचे. सगळे मिळून तासाभराचे काम. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण पुढची तीन वर्षे सुधारले आणि गौरवर्णीयांशी असलेली त्यांची तफावत निम्म्याने घटली. 'मी एकटीच अशी आहे' हा गैरसमज दूर झाला की नकाराचा अर्थ बदलतो. तो 'मी इथली नाही' असा न राहता 'पहिले वर्ष सगळ्यांनाच जड जाते' असा होतो.

पण याचा पुढचा भाग कॉलेजांनी वाचायला हवा. २०२३ मध्ये हाच प्रयोग २२ संस्थांतल्या २६,९११ विद्यार्थ्यांवर करण्यात आला. फायदा दिसला, पण सगळीकडे सारखा नाही. ज्या कॉलेजात अशा विद्यार्थ्यांना सामील व्हायला खरोखरच जागा होती, तिथेच तो दिसला. दार बंद असेल तर 'हळूहळू आत जाता येईल' हा उपदेश फुकट आहे. म्हणजे धीर देणे हे औषध आहे, पण ते दाराबरोबरच लागू पडते.

सोरॉरिटींच्या बाबतीत हे अमेरिकेनेही पाहिले आहे. २०१३ च्या सप्टेंबरमध्ये अलाबामा विद्यापीठाच्या विद्यार्थी वृत्तपत्राने छापले की एका हुशार कृष्णवर्णीय मुलीला तिथल्या परंपरेने गौरवर्णीय असलेल्या सोरॉरिटींनी नाकारले आणि त्यामागे माजी सदस्यांचा दबाव होता. ओरड झाल्यावर विद्यापीठाला निवड पुन्हा खुली करावी लागली. 'ती त्यांची खासगी मंडळी आहे' ही सबब तेव्हा चालली नाही.

आपल्याकडे सोरॉरिटी नाहीत असे आपण म्हणतो. पण नाटकाचा ग्रुप, गॅदरिंगची कमिटी, एखाद्या शहराच्या मुलांचा कट्टा यांचे काम पुष्कळदा तेच असते. चांगल्या एकांकिकेसाठी निवड कडक असायलाच हवी, त्यावर माझा आक्षेप नाही. आक्षेप दोन गोष्टींना आहे. एक, बोलीवरून माणूस नाकारण्याला. ज्या मालवणी हेलाला त्या मुलीच्या कॉलेजात 'गावचा टोन' म्हटले गेले, त्याच बोलीतल्या 'वस्त्रहरण'चे ५,००० हून अधिक प्रयोग झाले आणि मच्छिंद्र कांबळींनी ते परदेशापर्यंत नेले. दुसरे, कॉलेजात सामील होण्याचे एकच दार असण्याला. निवडचाचणी न घेता आत घेणारी किमान दोन-तीन ठिकाणे प्रत्येक कॉलेजात जिवंत असली पाहिजेत. १९६९ पासून चालू असलेली राष्ट्रीय सेवा योजना हे त्यांतले एक आहे. बहुतेक ठिकाणी ती दहा गुणांपुरती उरली आहे. जुलै-ऑगस्टमध्ये प्रत्येक नव्या मुलाला वरच्या वर्गातला, शक्यतो त्याच्या भागातला, एक सोबती नेमून द्यावा. हॉस्टेलच्या रेक्टरांनी मेसमध्ये कोण एकटे जेवते हे आठवड्यातून एकदा डोळ्यांनी पाहावे. याला अनुदान लागत नाही. हे आमच्या जिल्ह्यालाही लागू आहे. ओरोसला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि राज्यभरातून, राज्याबाहेरूनही मुले येतात. पावसाळ्यात चार-चार दिवस सूर्य दिसत नाही, जेवणात रोज भात आणि कानावर मालवणी. त्यांच्यासाठी 'गावचे' आपण नाही, परके आपण आहोत.

आता पालकांसाठी थोडे. मुलगी म्हणाली म्हणून दुसऱ्या दिवशी दाखला आणायला जाऊ नका आणि 'फी भरली आहे' म्हणून एसटीत कोंबूही नका. अमेरिकेत साधारण तिघांपैकी एक विद्यार्थी शिक्षणात एकदा तरी कॉलेज बदलतो. तिथे ती वाट रुळलेली आहे. आपल्याकडे ती अजून अरुंद आहे. दोन्ही कॉलेजांची ना-हरकत, विद्यापीठ बदलले तर स्थलांतर प्रमाणपत्र, नव्या ठिकाणी रिकामी जागा, आणि विषय जुळणे, एवढे सगळे लागते. २०२१ मध्ये सुरू झालेल्या शैक्षणिक क्रेडिट बँकेमुळे मिळवलेले क्रेडिट खात्यावर राहतात, हे चांगले झाले. पण वर्षाच्या मध्यावर सोडले तर वर्ष, हॉस्टेलचे पैसे आणि कधी शिष्यवृत्तीही धोक्यात येते. म्हणून मुदत ठरवा. दिवाळीपर्यंत किंवा सत्राअखेरपर्यंत. मुदत संपल्यावर "तरीही नको" म्हणाली तर तो निर्णय माना आणि त्याला अपयश म्हणू नका. परतीचे दार उघडे आहे हे माहीत असलेले मूल जास्त दिवस टिकते, हे मी वारंवार पाहिले आहे. आणि छळ किंवा आजार असेल तर मुदतबिदत काही नाही, आधी घरी आणा.

त्या मुलीला छळ नव्हता आणि नैराश्यही पूर्ण झालेले नव्हते. तिच्याशी, तिच्या आईशी बोलून आम्ही दिवाळीपर्यंतचा करार केला. दिवसातले एक जेवण एकटीने जेवायचे नाही. ऑडिशन लागत नाही असे एक काम धरायचे. आईला फोन रोज एकदा, पाच वेळा नाही. रात्री खोलीत मैत्रिणींची वाट बघत जागायचे नाही. लोहाच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत. आणि दिवाळीत मला भेटायचे.

दिवाळीत ती आली. वजन दोन किलो वाढले होते, हिमोग्लोबिन १०.८. मी विचारले, "मग? नाव खंय घालतंस?" ती म्हणाली, "अजून ठरवूक नाय. मे महिन्यात सांगतंय." मेमध्ये तिने राहायचे ठरवले. नाटकाच्या ग्रुपने तिला बोलावले नाही आणि तिनेही पुन्हा विचारले नाही. सेवा योजनेत तिला दोन मैत्रिणी मिळाल्या, एक लातूरची, एक चंद्रपूरची. आमच्यापैकी कोणाचीच भाषा त्या एकांकिकेत बसली नसती, असे ती हसत सांगते. तिकडे माझ्या भाचीने मात्र जानेवारीत कॉलेज बदलले, घराजवळच्या विद्यापीठात गेली. सत्र संपेपर्यंत थांबून, गुण नीट राखून, शांतपणे बदलले. तीही बरी आहे.

दोघींतली बरोबर कोण, असे मला मावसबहिणीने विचारले. मला वाटते दोघीही. एकीने राहण्याचा आणि दुसरीने जाण्याचा निर्णय घेतला, पण दोघींनीही तो रडण्याच्या आठवड्यात घेतला नाही. तोपर्यंत दोघींच्या घरच्यांनी "एवढ्याशा गोष्टीसाठी" हे शब्द वापरणे बंद केले होते.

येत्या चतुर्थीला तुमच्या घरी हॉस्टेलवरून आलेले मूल असेल, तर गुण आणि हजेरी यांच्या आधी एक विचारा. जेवायला कोणाबरोबर बसतोस? उत्तरात एखादे नाव आले तर काळजी नसावी. नाव आले नाही, तर गप्पा तिथून सुरू करा.